मुलाच्या हातीं पहिली रायफल कोणती द्यावी?

गेल्या महिन्यांत आमच्या शेतकरी संघाच्या बैठकींत बियाणें, खत व वीजबिल हे नेहमींचे विषय संपल्यावर एका तरुण सभासदानें निराळाच प्रश्न पुढें मांडला. आपल्या भागांतील मुलामुलींस नेमबाजीचें शिक्षण मिळावें, व त्याकरितां संघानें शिलकी रकमेंतून एक रायफल घ्यावी, अशी त्याची सूचना होती. सूचना सर्वांस आवडली. परंतु रायफल कोणती घ्यावी यावर जो वाद माजला, तो दिवेलागणीची वेळ झाली तरी मिटला नाहीं. एकाचें म्हणणें, घ्यावयाचीच तर दहा गोळ्यांच्या पेटीची घ्यावी, म्हणजे पुढेंमागें डुकरांवरही चालेल. दुसऱ्याचें म्हणणें, दुर्बिणीवांचून रायफल घेऊंच नये. तिसरे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "आमच्या घरीं ठासणीची आहे, तिच्यावरच पोरें शिकतील; पैसा कशाला घालवतां?" शेवटीं विषय पुढील महिन्यावर टाकून मंडळी उठली. या तिन्ही म्हणण्यांस आमचा विरोध आहे. तो कां आहे हें बैठकींत पांच मिनिटांत सांगण्यासारखें नसल्यामुळें येथें लिहीत आहों.

प्रथम आमचा अधिकार काय तें सांगून टाकतों. आम्ही स्वतः नेमबाज नाहीं. महसूल खात्याच्या कारकुनींत आमची हयात गेली, आणि तींतील कांहीं वर्षें हत्यारांच्या परवान्यांचे कागद आमच्या हाताखालून गेले. निवृत्तीनंतर पुतणीस दर रविवारीं जिल्ह्याच्या ठिकाणीं नेमबाजीच्या वर्गास नेण्याआणण्याचें काम घरांत आमच्याकडे आलें. दोन वर्षें त्या वर्गाच्या भिंतीलगत बांकावर बसून जें पाहिलें, व शिकविणाऱ्या गृहस्थांस विचारून विचारून जें समजून घेतलें, त्याचा हा गोषवारा आहे. बंदूक घरांत कशी येते हें आम्हांस कागदांवरून कळलें. ती मुलाच्या हातांत कशी द्यावी हें त्या बांकावरून कळलें.

हा विषय आतांच कां निघाला, तें उघड आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं ५० मीटर रायफलीच्या तीन स्थितींच्या प्रकारांत कांस्यपदक मिळविलें. १९५२ सालीं हेलसिंकी येथें गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें होतें. त्यानंतर ७२ वर्षांनीं महाराष्ट्राच्या खेळाडूस मिळालेलें हें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यापूर्वीं २०१० सालीं म्युनिक येथील जागतिक स्पर्धेंत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं ५० मीटरवर पालथें पडून नेम मारण्याच्या प्रकारांत सुवर्णपदक जिंकलें होतें. डोंगरांतल्या वाडीचा मुलगा एवढी मजल मारतो हें पाहिल्यावर शेजारच्या गांवांतील मुलांच्या मनांत तीच इच्छा उत्पन्न व्हावी, यांत नवल नाहीं. ती व्हावीच. परंतु ज्या रायफलीनें हीं पदकें मिळालीं ती कशी असते, याची चौकशी आमच्या बैठकींत कोणीं केली नाहीं. ती .२२ बोअरची असते; एका वेळीं एकच काडतूस हातानें भरावें लागतें; तिला गोळ्यांची पेटी नसते आणि दुर्बीणही नसते. जगांतील उत्तम नेमबाज ज्या साधेपणानें खेळतात, तो आमच्या बारा वर्षांच्या मुलास अपुरा वाटावा, हें आश्चर्य आहे!

आमच्या मतें या वादांत दोन निरनिराळ्या गरजा एकमेकींत मिसळल्या आहेत. एक गरज मुलांच्या शिक्षणाची, दुसरी पिकाच्या रक्षणाची. दुसरी गरज खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. रानडुकरांनीं एका रात्रींत भुईमूग कसा उकरून टाकला, गव्यांनीं ऊस कसा तुडविला, याचे अर्ज आम्हीं शेंकड्यांनीं वाचले आहेत. परंतु दोन्ही कामें एका हत्यारानें करूं पाहणें म्हणजे पाभरीनेंच नांगरणी करण्यासारखें आहे. .२२ ची बारीक गोळी रानडुकरास जागच्या जागीं मारीत नाहीं, केवळ जखमी करते. आणि जखमी डुकर उसांत शिरला म्हणजे दुसऱ्या दिवशीं ऊसतोडीस जाणाऱ्या बायामाणसांवर काय प्रसंग येतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं रानांतील जनावर मारावयाचें तर वन खात्याची परवानगी लागते. तेव्हां "पुढेंमागें डुकरांवर चालेल" हा विचार पहिल्याच पायरीवर सोडून द्यावा.

कायदाही ह्या दोन गरजा वेगळ्या मानतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचें १३ वें कलम पहावें. पिकाच्या खऱ्या रक्षणाकरितां ठासणीच्या बंदुकीचा परवाना, आणि निशाणबाजीच्या सरावाकरितां बंदूक, अशीं दोन कारणें त्यांत स्वतंत्र सांगितलीं आहेत. दुसऱ्या कारणास अट अशी कीं, अर्जदार हा केंद्र सरकारनें परवाना किंवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबाचा अथवा संघटनेचा सभासद असला पाहिजे. त्याच कायद्याच्या ९ व्या कलमानें २१ वर्षांच्या आंतील व्यक्तीस बंदूक बाळगण्यास मनाई केली आहे. मात्र नियमांत ठरविलेलें वय झालेल्या मुलास शिक्षणापुरती, ठरविलेल्या अटींवर, ती वापरतां येते. याचा अर्थ सरळ आहे. बापाच्या नांवावरील पीकसंरक्षणाची बंदूक ही मुलाची पाटी नव्हे. ती त्याच्या हातीं देणें हा कायद्याचा भंग आहे, मग बाप शेजारीं उभा असो वा नसो. आणि संघानें परस्पर रायफल विकत घेऊन गोदामांत ठेवावी, हीही गोष्ट होण्यासारखी नाहीं.

कायद्याचें कलम सांगितलें कीं लोक म्हणतात, कारकून शेवटीं कारकूनच! म्हणून एक हकीकत सांगतों. ती सांगावी कीं नाहीं याचा आम्हीं पुष्कळ दिवस विचार केला.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं, ज्येष्ठाच्या शेवटीं, डोंगराकडील एक शेतकरी आमच्या टेबलापाशीं आला. परवान्याचें पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवींत गुंडाळलेलें होतें. बंदूक जमा करून परवाना रद्द करावयाचा, असें तो म्हणाला. हंगाम तोंडावर आलेला, सारे लोक नूतनीकरणासाठीं धांवत येत होते, आणि हा परत करावयास आलेला! आम्हीं त्यास अर्ज लिहून आणण्यास सांगितलें. तो म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्हीच लिहा. माझा हात चालत नाहीं." आम्हीं लिहावयास घेतलें, आणि कारणापाशीं येऊन त्यास विचारलें. मग त्यानें सांगितलें. मागल्या सुगींत तो रात्रभर माळ्यावर राखणीस होता. पहांटे घरीं आला, भरलेली बंदूक खुंटीला अडकविली, आणि झोंपला. तेरा वर्षांचा थोरला मुलगा धाकट्यास बाबा नेम कसा धरतात तें दाखवीत होता. धाकटा गेला. पंचनामा वगैरे सर्व होऊन गेलें होतें. आतां ती वस्तु पुन्हां घरांत नको, एवढेंच त्याचें म्हणणें होतें. थोरला मुलगा बापाच्या मागें उभा होता. अर्ध्या तासांत त्यानें एकदांही मान वर केली नाहीं.

आम्हीं कारण लिहिलें, "आतां आवश्यकता राहिली नाहीं." कागद बरोबर झाला, साहेबांची सही झाली. परंतु तें कारण खरें नव्हतें, आणि तें आम्हांस आजतागायत टोंचतें. त्याहूनही एक गोष्ट टोंचते. त्याच मनुष्याच्या परवान्यावर त्याच्या आदल्या नूतनीकरणाच्या वेळीं आमच्याच हातचा शिक्का होता. आम्हीं फी पाहिली, तारीख पाहिली, क्रमांक ताडून पाहिला. बंदूक घरांत कोठें ठेवतोस, भरून ठेवतोस कीं रिकामी, घरांत मुलें किती, हें विचारलें नाहीं. विचारावयाचा रकाना नव्हता. म्हणून विचारलें नाहीं.

या हकीकतींत आमच्या प्रश्नाचें उत्तर आहे. त्या मुलास नेम धरणें येत होतें. तें कोणत्याही मुलास येतें. काठी खांद्याला लावून तें खेळांतच शिकतें. बंदूक भरलेली आहे कीं रिकामी हें पाहणें त्यास येत नव्हतें, आणि ठासणीची बंदूक तर तें सहजासहजीं दाखवीतही नाहीं. दारू व छरे नळीच्या तळाशीं ठासलेले. गज आंत घालून मोजल्यावांचून जाणत्यासही पत्ता लागत नाहीं. तेव्हां "घरच्या ठासणीवर पोरें शिकतील" म्हणणाऱ्या त्या वृद्ध सभासदांस आमची हात जोडून विनंती आहे कीं, हा शब्द त्यांनीं पुन्हां उच्चारूं नये. मुलाची पहिली रायफल अशी असावी कीं ती उघडतांच आंतील सर्व कांहीं डोळ्यांस दिसावें व बोटास लागावें. एका गोळीची बोल्टची रायफल नेमकी तशी असते. बोल्ट मागें ओढला कीं जेथें काडतूस बसतें ती जागा उघडी पडते. पेटी नसल्यामुळें दुसरें काडतूस लपून राहण्यास ठिकाणच नसतें.

आतां हें .२२ चें काडतूस काय आहे तें थोडक्यांत सांगतों. मोठ्या काडतुसास बुडाच्या मध्यभागीं टोपी असते. ह्यास ती नसते. पेटणारें मिश्रण बुडाच्या पोकळ कडेंत आंतून भरलेलें असतें, आणि बोल्टांतील खिळा त्या कडेवर आदळला म्हणजे बार होतो. म्हणून यास रिमफायर म्हणतात. आज सर्वत्र वापरांत असलेली .२२ लाँग रायफल ही जात १८८७ सालीं अमेरिकेंत निघाली. तिच्या नेहमींच्या गोळीचें वजन ४० ग्रेन, म्हणजे सुमारें २.६ ग्रॅम. धक्का जवळ जवळ नाहीं, आवाज बेताचा, आणि मोठ्या काडतुसाच्या मानानें खर्च थोडा. पहिल्याच बारास खांद्यावर जोराचा धक्का बसला तर मूल पुढच्या वेळीं चाप ओढण्यापूर्वींच डोळे मिटतें. ती खोड मग वर्षानुवर्षें जात नाहीं. .२२ नें ही खोड लागण्याचें भय फार कमी. परंतु लहान म्हणून तिला खेळणें समजूं नये. ती गोळी मोकळी सुटली तर दीड किलोमीटरच्याही पुढें जाऊं शकते. एवढ्या अंतरांत आमच्या भागांत एक वाडी, दोन विहिरी आणि भांगलणीस बसलेल्या वीस बायका असतात.

एका गोळीचा खरा गुण यापुढें आहे. आमच्या वाचकांपैकीं जे टोकणणी करतात त्यांस तो चटकन् समजेल. फेंकून पेरतांना हात चालत राहतो, मन कोठेंही असतें. टोकणतांना प्रत्येक दाण्यास वांकावें लागतें. खड्डा पाहावा लागतो. एका गोळीच्या रायफलीवर मूल प्रत्येक बारानंतर आपोआप थांबतें. बोल्ट उघडतें, रिकामें नळकांडें काढतें, श्वास घेतें, मागल्या बारांत काय चुकलें याचा विचार करतें, मग दुसरें काडतूस मागतें. पेटीच्या रायफलीवर पहिला नेम चुकला कीं दुसरा त्याच्या मागून रागानें सुटतो, व तिसरा लाजेनें. आमच्या पुतणीच्या वर्गांत एक मोठ्या घरचा मुलगा असाच घाई करी. शिकविणाऱ्या गृहस्थांनीं त्यास एक शब्दही न बोलतां एक महिनाभर दर रविवारीं पांचच काडतुसें दिलीं, एकेक करून, प्रत्येक वेळीं स्वतःच्या हातानें. महिन्याच्या शेवटीं त्या मुलाचे पांचही बार मुठीएवढ्या जागेंत बसूं लागले.

आणि यांत आमच्या धंद्याचाही एक मुद्दा आहे, तो सांगितल्यावांचून राहवत नाहीं. एका गोळीच्या रायफलीचा हिशेब ठेवतां येतो. शिक्षकानें पांच काडतुसें दिलीं. पांच रिकामीं नळकांडीं परत आलीं. वहींत नोंद झाली. चारच परत आलीं तर पांचवें सांपडल्यावांचून कोणीं जागा सोडावयाची नाहीं. मुलाच्या खिशांतून एक जिवंत काडतूस घरीं जाणें ही लहान गोष्ट नव्हे. तें चुलीजवळ पडतें, भावंडांच्या हातीं लागतें, दगडानें ठोकून पाहिलें जातें. ज्या हत्याराचा हिशेब मुलास स्वतः ठेवतां येतो, तेंच हत्यार मुलाच्या योग्यतेचें.

आतां निवड करतांना काय पाहावें. पहिली गोष्ट दस्त्याची लांबी. मुलाचे कपडे आपण वाढत्या अंगाचे शिवतों. रायफल वाढत्या अंगाची घेऊं नये. मापावयाची रीत सोपी आहे. बोल्ट उघडा ठेवून, रायफल रिकामी आहे याची खात्री करून, दस्त्याचें टोक मुलाच्या कोंपराच्या आंतील खळगींत टेकवावें. हात न ताणतां बोट चापाशीं पोंचलें पाहिजे. मोठ्या माणसाच्या दस्त्याचें हें माप साडेतेरा इंचांच्या आसपास असतें. बारा-तेरा वर्षांच्या मुलास पुष्कळदां बारा इंचांचेंच लागतें. दस्ता लांब पडला तर मूल कमरेंतून मागें झुकतें, मान ताणतें, गाल लांकडावर टेकत नाहीं, आणि मग नेम चुकल्याबद्दल आपण मुलास बोल लावतों. ज्या दस्त्याच्या टोकास चकत्या घालून लांबी वाढवितां येते तो घ्यावा. एकच रायफल थोरल्या व धाकट्या अशा दोघांसही पुरते.

दुसरी गोष्ट वजन. सुरुवातीच्या मुलास अडीच-तीन किलोंची रायफल पुरे. हलकी फार असली तर डुलते, जड असली तर पाठ वांकते. प्रथम पालथें पडून, पुढें वाळूची पिशवी ठेवून शिकवावें. मग पिशवी काढावी. मग गुडघ्यावर बसून, आणि सर्वांत शेवटीं उभ्यानें. नव्या खोंडास कोणीं पहिल्याच दिवशीं भरल्या गाडीस जुंपीत नाहीं.

तिसरी गोष्ट बोल्ट व चाप. कांहीं लहान रायफलींत बोल्ट लावल्यावर मागली गुंडी हातानें वेगळी ओढून खिळा चढवावा लागतो. लहान किंवा घामेजलेल्या बोटांतून ती गुंडी निसटूं शकते. बोल्ट उचलतांच ज्या रायफलीचा खिळा चढतो ती बरी, असें शिकविणाऱ्या गृहस्थांचें मत, आणि आम्हांसही तें पटतें. चाप फार हलका नसावा. हौशी लोक हलक्या चापाचें कौतुक करतात. परंतु ज्यास बोट चापाबाहेर ठेवण्याची संवय अजून लागली नाहीं, त्यास हलका चाप म्हणजे उघड्या विहिरीचा कांठ आहे.

चौथी गोष्ट नेम धरण्याचें साधन. पुढें साधी माशी व मागें लहान छिद्र असलेली चकती, एवढें पुरे. दुर्बीण लावली म्हणजे लक्ष्य मोठें दिसतें, तसें हाताचें कांपणेंही मोठें दिसतें. मूल तें कांपणें थांबण्याची वाट पाहत बसतें आणि डोळा शिणवितें. शिवाय दुर्बिणीची संवय लागलेलें मूल आजूबाजूस पाहूं म्हटलें तरी दुर्बिणींतूनच पाहूं लागतें, म्हणजे रायफल माणसांवर रोंखून! हें आम्हीं आमच्या डोळ्यांनीं पाहिलें आहे. मुलाचा कोणता डोळा जोरकस आहे तेंही आधीं पाहावें. दोन्ही तळहातांच्या मधील भोंकांतून दूरचा खांब पाहण्यास सांगावें, व एकेक डोळा मिटवावा. ज्या डोळ्यास खांब दिसत राहतो तो नेमाचा डोळा. उजव्या हाताच्या कित्येक मुलांचा डावा डोळा जोरकस निघतो.

जुनी रायफल मिळत असल्यास घेण्यास आमची हरकत नाहीं. पुष्कळदां तीच परवडते. परंतु तीन ठिकाणें पाहून घ्यावीं. नळीच्या तोंडाच्या कडेस खोंच पडलेली नसावी. नळींत गंजाचे खड्डे नसावेत. आणि काडतूस जेथें बसतें तेथील कडेवर ठोकल्याचा वण नसावा. कारण रिमफायर रायफलीचा चाप रिकामा ओढीत राहिलें तर पुष्कळ रायफलींत खिळा त्या कडेवरच आदळतो, आणि पुढें काडतुसें नीट बसत नाहींत व निघतही नाहींत. कंपन्यांचीं नांवें आम्ही मुद्दाम देत नाहीं. बैल घेतांना आपण बाजाराचें नांव विचारतों, पण दांत स्वतः पाहतों, तसेंच हें.

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. एक, पोरें एका गोळीस कंटाळतील. कंटाळतील खरीं. जें मूल एका गोळीस कंटाळतें, त्यास अजून रायफल द्यावयाची नाहीं, हें आपणांस फुकटांत कळतें; हा तोटा नसून लाभ आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: आरंभास हवेची रायफल असतांना .२२ हवीच कशाला? हा आक्षेप आम्ही मान्य करतों. आमच्या पुतणीचें पहिलें वर्ष हवेच्या रायफलीवर, १० मीटरवर गेलें, आणि तें फारच उपयोगी पडलें. ज्या मुलानें तो एक हंगाम नीट काढला त्यासच .२२ ची पायरी दाखवावी. परंतु ती पायरी आली कीं मध्येंच पेटीच्या व दुर्बिणीच्या वाटेस जाऊं नये, एवढेंच आमचें सांगणें.

रायफल घेतली म्हणजे काम झालें असेंही नव्हे. समोर मातीचा उंच, दगड नसलेला बांध पाहिजे. दगडावरून गोळी उसळते. बार झाला नाहीं तर लगेच बोल्ट उघडावयाचा नाहीं; तोंड बांधाकडेच ठेवून निदान एक मिनिट वाट पाहावयाची, कारण क्वचित् काडतूस उशिरां पेटतें. कानांस व डोळ्यांस संरक्षण हवें. आणि ठेवण्याची व्यवस्था. सरकारी तिजोरीस दुहेरी कुलूप असतें, किल्ल्या दोघांकडे असतात, एकट्यास ती उघडतां येत नाहीं. तीच पद्धत येथें ठेवावी. रायफल एका पेटींत, बोल्ट दुसऱ्या पेटींत, काडतुसें तिसऱ्या पेटींत, आणि किल्ल्या एका हातीं कधींही नाहींत.

म्हणून पुढील बैठकीपुढें आमची सूचना अशी आहे. संघानें स्वतः रायफल घेऊं नये. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ पासून या देशांत नेमबाजीचें काम करीत आली आहे. लोकसभेचे पहिले सभापति दादासाहेब मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. तिच्याशीं संलग्न असलेला आपल्या जिल्ह्यांतील जो मान्यताप्राप्त क्लब असेल, त्याच्याकडे संघानें जावें, आणि आपली रक्कम त्यास एका गोळीची, लांबी बदलतां येणाऱ्या दस्त्याची, साध्या नेमाची .२२ ची रायफल घेण्यासाठीं द्यावी. मोबदल्यांत आपल्या सभासदांच्या मुलामुलींस तेथें शिक्षण मिळावें. रायफल क्लबाच्या कुलपांत राहील, मुलें रविवारीं तेथें जातील, संध्याकाळीं रिकाम्या हातांनीं घरीं येतील. उरलेल्या पैशांतून जाण्यायेण्याची गाडी करावी. गरिबाचें मूल भाड्यापायीं मागें राहूं नये. मुलींस वगळूं नये हें तर तेजस्विनीबाईंच्या जिल्ह्याच्या शेजारीं राहणाऱ्यांस सांगणें नको.

आणि ज्या सभासदांच्या घरीं पीकसंरक्षणाची बंदूक आहे, त्यांनीं हा अंक खालीं ठेवण्यापूर्वीं उठून ती कोठें टांगली आहे तें एकदां पाहावें. भरलेली असल्यास आजच रिकामी करावी, आणि मुलाचा हात पोंचणार नाहीं अशा ठिकाणीं कुलपांत ठेवावी. हा प्रश्न विचारावयाचा रकाना आमच्या नोंदवहींत नव्हता. तो आम्हीं येथें घातला आहे. उत्तर ज्याचें त्यानें भरावें.